ट्रेसवरची लाट: इम्पिडन्स जुळवणी आणि टर्मिनेशन, पहिल्यांदा बोर्ड करणाऱ्यांसाठी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका हीट-ट्रीटमेंट शॉपमध्ये मी तापमान मोजणारा बोर्ड बसवला होता. दिवसातून चार-पाच वेळा तो ७०० अंशांचे एकदम १४०० दाखवायचा. एकच रीडिंग, की लगेच परत ७००. शेजारी भट्टीचे कॉन्टॅक्टर धडाधड पडत होते, त्यामुळं माझा सगळा संशय नॉइजवर गेला. शील्डेड केबल टाकली, फेराइट लावले, अर्थिंग नव्यानं करून घेतलं. तीन आठवडे गेले आणि १४०० काही जाईना.

दोष बोर्डावरच होता. कंट्रोलरपासून एडीसीपर्यंत (व्होल्टेजचा आकडा करणारी आयसी) एसपीआयची (आयसींना एकमेकांशी जोडणारा सिरियल दुवा) क्लॉक लाइन १२ सेंटिमीटर ट्रेसवरून (बोर्डावरची तांब्याची रेघ) आणि पुढं २० सेंटिमीटर रिबन केबलवरून जात होती. क्लॉक होता फक्त २ मेगाहर्ट्झ, म्हणून त्या ट्रेसकडं मी बघितलंच नव्हतं. पण प्रत्येक कडा, म्हणजे क्लॉकची खालून वर किंवा वरून खाली जाणारी उडी, दुसऱ्या टोकावर आपटून परत येत होती आणि मधूनच एडीसीला एकाच्या जागी दोन क्लॉक दिसत होते. एक क्लॉक जास्त म्हणजे सगळे बिट एक घर डावीकडं, म्हणजे आकडा दुप्पट. ७०० चे १४०० होण्यात इतकंच होतं.

कॉलेजात ट्रान्समिशन लाइन आपण सगळेच शिकतो, पण ती खांबांवरची तार नाहीतर अँटेनाची केबल म्हणून. चार इंची बोर्डावरही तेच गणित चालतं हे मला त्या भट्टीनं शिकवलं. लाइनच्या टोकाशी योग्य रेझिस्टर लावून ही परत फिरणारी लाट जिरवणं म्हणजे टर्मिनेशन. तुमचे तीन आठवडे वाचावेत म्हणून हे टप्प्याटप्प्यानं लिहितोय.

आधी हाताशी काय हवं

- सिग्नल पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही आयसींच्या डेटाशीट
- पीसीबी बनवणाऱ्याकडून लेखी स्टॅक-अप: थर किती, दोन थरांमधली जाडी किती, तांबं किती, मटेरियल कोणतं
- इम्पिडन्स काढायचा कॅल्क्युलेटर. कीकॅडमध्ये तो फुकट येतो, तेवढा पुरे
- ०६०३ साइजचे रेझिस्टर: ०, १०, २२, ३३, ४७, ६८, १०० आणि १२० ओहम
- मल्टीमीटर आणि ऑसिलोस्कोप. स्कोपबद्दल सविस्तर शेवटच्या टप्प्यात, कारण तिथंच जास्त जण फसतात

१. क्लॉक किती आहे हे विसरा, कडा किती वेगानं चढते ते बघा

नवीन माणूस विचारतो, "माझा सिग्नल १ मेगाहर्ट्झचा आहे, मला हे कशाला?" सेकंदाला किती वेळा कडा येते याला इथं महत्त्व नाही. ती कडा शून्यातून ३.३ व्होल्टला किती वेळात पोचते हे महत्त्वाचं. आजच्या कंट्रोलरच्या पिनला त्यासाठी १ ते २ नॅनोसेकंद पुरतात, मग ती कडा सेकंदाला एकदा येवो की कोटी वेळा.

नेहमीच्या एफआर-४ (ग्लास-इपॉक्सी) बोर्डाच्या वरच्या थरावर सिग्नल एक मिलिमीटर जायला साधारण ६ पिकोसेकंद घेतो, आतल्या थरात साधारण ७. माझा नियम असा: एका दिशेचा प्रवास कडेच्या वेळेच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त झाला की तो ट्रेस लांब समजायचा. १ नॅनोसेकंदाच्या कडेसाठी ही मर्यादा येते जेमतेम २७ मिलिमीटर. अंगठ्याच्या निम्म्या लांबीएवढी. त्यापेक्षा आखूड ट्रेस असेल तर पुढचं बरंचसं सोडून दिलं तरी चालेल.

यातच सगळ्यात स्वस्त उपाय दडलाय. बऱ्याच कंट्रोलरमध्ये पिनचा स्पीड किंवा ड्राइव्ह प्रोग्रॅममधून कमी करता येतो. कुठून तरी उचललेल्या कोडमध्ये तो "व्हेरी हाय" ठेवलेला असतो आणि आपण तसाच चिकटवतो. २ मेगाहर्ट्झच्या क्लॉकला त्याची काडीची गरज नसते. आधी तो "लो" करून बघा, मग सोल्डरिंग गनला हात लावा.

२. लाट म्हणजे काय ते एकदा डोळ्यांसमोर आणा

रंकाळ्याच्या दगडी बांधावर वारा असताना उभं राहा. लाट उभ्या दगडावर आपटते आणि तशीच मागं फिरते. येणारी आणि जाणारी एकत्र आली की पाणी दुप्पट उंच उसळतं. जिथं काठ उतरता आणि गवताळ आहे तिथं तीच लाट वर चढता चढता मरून जाते. ट्रेसच्या टोकाला काय आहे यावर आपली लाट उसळणार की मरणार हे ठरतं.

ट्रेसवर निघालेल्या कडेला पुढं काय आहे हे ठाऊक नसतं. तिला फक्त पायाखालचा रस्ता दिसतो: ट्रेस किती रुंद, ग्राउंड किती खोल, मधलं मटेरियल कोणतं. या रस्त्यावर व्होल्टेज आणि करंट यांचं जे प्रमाण राहतं, तो त्या ट्रेसचा कॅरॅक्टरिस्टिक इम्पिडन्स. मल्टीमीटरनं हा मोजता येत नाही. "५० ओहमचा ट्रेस मीटरवर ०.२ ओहम दाखवतो, बोर्ड खराब आला का?" असं मला दोघातिघांनी विचारलंय. बोर्ड बरोबर आहे. मीटर तांब्याचा रेझिस्टन्स दाखवतो. इम्पिडन्स फक्त धावत्या कडेला जाणवतो.

टोकाला किती लाट परत फिरणार याचं गणित एका ओळीचं आहे: टोकाच्या इम्पिडन्समधून लाइनचा इम्पिडन्स वजा करा आणि दोघांच्या बेरजेनं भागा. टोक उघडं असेल (आजच्या बहुतेक आयसी सीएमओएस प्रकारच्या, त्यांचा इनपुट जवळपास उघडाच असतो) तर उत्तर १, सगळी लाट परत. दोन्ही सारखे असतील तर शून्य.

आता माझा बोर्ड घ्या. दोन थरांचा, १.६ मिलिमीटर जाडीचा, ट्रेस पाव मिलिमीटर रुंद. अशा ट्रेसचा इम्पिडन्स येतो सुमारे १३२ ओहम. रिबन केबलचाही त्याच्या आसपास धरू. पिनचा आतला रेझिस्टन्स सुमारे २० ओहम, सप्लाय ३.३ व्होल्ट.

- निघताना लाट: ३.३ चे १३२ भागिले १५२, म्हणजे २.८७ व्होल्ट
- उघड्या टोकावर दुप्पट: ५.७३ व्होल्ट
- परत आलेली लाट २० ओहमच्या पिनवर उलटी होऊन ०.७४ पटीनं पुन्हा निघते: उणे २.११ व्होल्ट
- टोकावर तीही दुप्पट: ५.७३ वजा ४.२२, उरले १.५१ व्होल्ट

३.३ व्होल्टच्या लॉजिकचा उंबरठा साधारण १.६५ च्या आसपास. म्हणजे क्लॉक वर गेला, तीन-साडेतीन नॅनोसेकंदांनी उंबरठ्याखाली उतरला आणि पुन्हा वर आला. एडीसीच्या हिशेबात दोन क्लॉक झाले. प्रत्यक्षात इनपुटमधले क्लॅम्प डायोड (जादा व्होल्टेज रोखणारे) काही भाग खाऊन टाकतात, म्हणून हे दर वेळी न होता दिवसातून चार-पाचदा व्हायचं. असा कधीमधी येणारा दोष शोधायला फार जड जातो. हे चार आकडे कागदावर स्वतः मांडून बघा. मी ते मांडले तेव्हाच विषय डोक्यात उतरला.

३. स्टॅक-अप ठरल्याशिवाय ट्रेस ओढू नका

ट्रेसचा इम्पिडन्स सगळ्यात जास्त ठरतो तो ट्रेसची रुंदी आणि खालच्या ग्राउंडपर्यंतचं अंतर यांच्या प्रमाणावर. १.६ मिलिमीटरच्या दोन थरी बोर्डावर ५० ओहम हवे असतील तर ट्रेस जवळपास ३ मिलिमीटर रुंद करावा लागतो. तो बारीक पायांच्या आयसीपर्यंत न्यायचा कसा? चार थरी बोर्डावर वरचा थर आणि ग्राउंड यांत ०.२ मिलिमीटर अंतर असेल, तर त्याच ५० ओहमला साधारण ०.३३ मिलिमीटर रुंदी पुरते. वेगवान सिग्नल चार-पाचपेक्षा जास्त असतील तर सरळ चार थर घ्या. बोर्डाचा खर्च वाढतो, पण पुन्हा बोर्ड मागवण्याच्या खर्चापुढं तो काहीच नाही.

५० हा आकडा काही देवाचा नाही. तुमच्या साध्या एसपीआय लाइनला ६५ किंवा ७० ओहमही चालतात. अट इतकीच, की तो आकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहावा आणि तुम्हाला माहीत असावा. जिथं स्टँडर्डनंच आकडा दिलाय तिथं मात्र तोच पाळायचा: यूएसबीच्या जोडीला (एकमेकींच्या उलट सिग्नल नेणाऱ्या दोन ट्रेसना) ९० ओहम, इथरनेट आणि एलव्हीडीएसच्या जोडीला १००.

४. परतीचा रस्ता अखंड ठेवा

करंट जितका जातो तितकाच परत येतो. वेगवान कडेचा करंट ग्राउंड प्लेनमध्ये (ग्राउंडचा तांब्याचा सलग थर) बरोबर ट्रेसच्या खालून परत येतो, कारण तिथं इंडक्टन्स सगळ्यात कमी असतो. ट्रेसखाली प्लेन चिरलेला असेल तर परतीचा करंट वळसा घालून येतो. त्या जागी इम्पिडन्स उडी मारतो, लाट फुटते आणि शेजारच्या सिग्नललाही धक्का बसतो.

पहिल्या बोर्डावर मी अॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड वेगळे करायला प्लेनमध्ये लांब चीर दिली होती आणि क्लॉक बरोबर तिच्यावरून नेला होता. त्याच बोर्डावर ट्रेसचे सगळे कोपरे गोल करण्यात मी एक संध्याकाळ घालवली होती. कोपरा काटकोनी राहिला तरी या वेगाला काही फरक पडत नाही, चिरेनं पडतो.

ट्रेस व्हायातून (दोन थर जोडणारं तांब्यानं मढवलेलं भोक) दुसऱ्या थरावर गेला आणि त्याचा ग्राउंड बदलला, तर त्या व्हायाला खेटून एक ग्राउंड व्हायाही द्या. कनेक्टरमध्ये आणि रिबन केबलमध्येसुद्धा क्लॉकच्या शेजारची तार ग्राउंडची ठेवा. वीस तारांच्या केबलमध्ये एकाच टोकाला एकच ग्राउंड, ही आपल्याकडं हमखास दिसणारी चूक.

५. टर्मिनेशन निवडा

*सिरीज टर्मिनेशन.* एक पाठवणारा, एक घेणारा असेल तर डोळे झाकून हेच. पिनच्या अगदी जवळ एक रेझिस्टर टाकायचा. त्याची किंमत: लाइनचा इम्पिडन्स वजा पिनचा आतला रेझिस्टन्स. अर्धी लाट निघते, उघड्या टोकावर दुप्पट होऊन बरोबर ३.३ होते, परत येते आणि सुरुवातीलाच जिरून जाते. उभ्याउभ्या करंट खात नाही आणि रेझिस्टर पैशांत मिळतो.

सगळे ३३ ओहम टाकतात, कारण सगळे ३३ ओहम टाकतात. लाइन ५० ची आणि पिन १७-२० ची असेल तर ते बरोबरच आहे. माझी लाइन १३२ ची होती. ३३ टाकल्यावर दुप्पट रीडिंग थांबलं खरं, पण टोकावर ४.७ व्होल्टची उसळी तशीच राहिली, आणि ३.३ व्होल्टच्या आयसीला रोज असा मार देणं बरं नव्हे. १०० ओहम टाकल्यावर लाइन शांत झाली.

पिनचा आतला रेझिस्टन्स कसा काढायचा? डेटाशीटमध्ये "८ मिलिअँपिअरला ०.४ व्होल्ट" असं काही लिहिलेलं असतं. त्यावरून ५० ओहम येतात, पण ती कंपनीनं दिलेली सगळ्यात वाईट हमी असते. खरा आकडा बहुधा निम्म्याच्या आसपास निघतो. स्वतः मोजा: पिन प्रोग्रॅममधून कायम लो ठेवा, पिन आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ३३० ओहम जोडा आणि पिनवरचं व्होल्टेज वाचा. ०.१९ व्होल्ट आले तर करंट झाला ९.४ मिलिअँपिअर आणि रेझिस्टन्स २० ओहम. स्पीड सेटिंग बदललं की हा आकडाही बदलू शकतो, म्हणून आधी सेटिंग ठरवा आणि मगच मोजा.

सिरीजचा एक सापळा आहे. लाट परत येईपर्यंत ट्रेसच्या मधल्या भागात व्होल्टेज निम्म्यावर थांबलेलं असतं, अगदी उंबरठ्यावर. त्या मधल्या जागी दुसरी आयसी लटकावली असेल आणि तिला क्लॉक जात असेल तर ती गोंधळणार. एकाच क्लॉकवर तीन आयसी असतील तर तीन वेगळे ट्रेस, तीन वेगळे रेझिस्टर काढा, किंवा क्लॉक बफर वापरा.

*पॅरलल टर्मिनेशन.* टोकाला लाइनएवढाच रेझिस्टर ग्राउंडला. लाट पहिल्याच फेरीत मरते आणि मधल्या आयसींनाही पूर्ण व्होल्टेज मिळतं. पण ३.३ व्होल्टवर ५० ओहम म्हणजे लाइन वर असेल तोवर ६६ मिलिअँपिअर. साध्या कंट्रोलरच्या पिनला ते झेपत नाहीत, म्हणून हे त्यासाठीच बनलेल्या ड्रायव्हरला शोभतं.

*थेवेनिन.* टोकाला दोन रेझिस्टर, एक सप्लायला आणि एक ग्राउंडला. ५० ओहमसाठी १००-१००. लाइन मोकळी सुटली तरी १६.५ मिलिअँपिअर वाहत राहतात आणि व्होल्टेज मधोमध जाऊन बसतं. बॅटरीवरच्या बोर्डात नको.

*एसी टर्मिनेशन.* रेझिस्टरसोबत १०० पिकोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर. सतत चालणाऱ्या क्लॉकला ठीक. डेटा लाइनला मी वापरत नाही.

फेराइट बीडला टर्मिनेशन समजू नका. आणि जोडीच्या दोन ट्रेसची लांबी सारखी केली म्हणजे इम्पिडन्स जुळला असंही नाही; त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

६. आपल्याकडचं रोजचं काम: आरएस-४८५ आणि कॅन

गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपपासून कागलच्या प्लँटपर्यंत मीटर, ड्राइव्ह आणि पीएलसी जोडायला आरएस-४८५ च असतं, म्हणजे तारांच्या एका जोडीवरून अनेक कार्डांनी बोलायची पद्धत. टर्मिनेशनशी पहिली गाठ इथंच पडते, आणि गोंधळही इथंच सर्वाधिक.

नियम सरळ आहे. लाइन एका सरळ ओळीत एका कार्डावरून दुसऱ्यावर न्यायची आणि १२० ओहम फक्त दोन टोकांना लावायचे. मधल्या एकालाही नाही. एका ठिकाणी आठ कार्डं होती आणि प्रत्येक कार्डावर १२० ओहम आधीच सोल्डर केलेले. आठ मिळून झाले १५ ओहम. आरएस-४८५ च्या ड्रायव्हरनं ५४ ओहमवर किमान १.५ व्होल्ट द्यावेत असं स्टँडर्ड सांगतं; १५ ओहमवर तो बिचारा काय देणार? जवळची दोन कार्डं बोलायची, लांबची गप्प. सहा कार्डांचे रेझिस्टर काढले आणि सगळी बोलू लागली. म्हणून तुमच्या कार्डावर हा रेझिस्टर जंपरमागं ठेवा, कायमचा नको.

चांदणीसारखं वायरिंग टाळा, म्हणजे पॅनेलमधून प्रत्येक मशीनला वेगळी केबल. तशा लाइनला नेमकी दोन टोकंच नसतात. आणि कोणीच बोलत नसताना लाइन ठरलेल्या स्थितीत राहावी म्हणून एका जागी बायस रेझिस्टरची जोडीही लागते.

कॅन ही गाड्यांत आणि मशीनमध्ये वापरली जाणारी तशीच दोन तारांची लाइन, तिलाही दोन टोकांना १२० ओहम. तिची तपासणी तर अर्ध्या मिनिटाची आहे. सप्लाय पूर्ण बंद करा, हाय आणि लो यांच्यामध्ये मीटर लावा. ६० ओहम आले तर ठीक. १२० आले तर एक टोक सुटलंय. ४० आले तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर लावलाय.

७. बोर्ड मागवताना

ज्या लाइनवर शंका असेल तिथं पिनजवळ ०६०३ ची जागा सोडा आणि सुरुवातीला ० ओहम लावा. पुढं लागलं तर दोन मिनिटांत किंमत बदलता येते. जागाच नसेल तर ब्लेडनं ट्रेस कापत बसावं लागतं, मी तेच केलं होतं.

जिथं इम्पिडन्स खरंच पाळायचा आहे तिथं ऑर्डरमध्ये तसं लिहा: कोणता थर, किती रुंदीचा ट्रेस, किती ओहम. साधारण अधिक-उणे १० टक्के इतकी हमी मिळते. टेस्ट कूपन (बोर्डासोबत बनवलेला मोजणीचा नमुना तुकडा) आणि त्याचा मोजणीचा रिपोर्ट मागा. सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेला स्टॅक-अप गृहीत धरून रुंदी काढू नका. बनवणाऱ्याकडची जाडी वेगळी निघाली की सगळं गणित कोसळतं.

८. मोजताना

स्कोपच्या बँडविड्थचा हिशेब: ०.३५ भागिले कडेचा वेळ. १ नॅनोसेकंदाची कडा बघायला ३५० मेगाहर्ट्झ हवेत. माझ्याकडचा होता १०० मेगाहर्ट्झचा. त्याची स्वतःचीच कडा ३.५ नॅनोसेकंदांची, आणि माझ्या लाइनचं रिंगिंग, म्हणजे कडेनंतरचं वरखाली हेलकावणं, होतं सुमारे १४० मेगाहर्ट्झचं. स्क्रीनवर क्लॉक गुळगुळीत दिसायचा, म्हणून तो मी निर्दोष धरला. एका कॉलेजच्या लॅबमध्ये ५०० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर बोर्ड लावला, तेव्हा उसळी आणि खळगा दोन्ही समोर आले. तुमच्याकडं मोठा स्कोप नसेल तर एका दिवसापुरता कुठं मिळतो का बघा, मागायला लाजू नका.

उलट फसवणूकही होते. प्रोबची लांब काळी ग्राउंड वायर, तिची क्लिप बोर्डाच्या दुसऱ्या कोपऱ्यात अडकवलेली. ती वायर आणि प्रोबची कपॅसिटन्स मिळून स्वतःच रिंगिंग करतात आणि आपण बोर्डाला दोष देतो. प्रोबच्या पाकिटात छोटी स्प्रिंग येते, ती टोकाशी लावा आणि शेजारच्या ग्राउंडला टेकवा.

प्रोब घेणाऱ्या आयसीच्या पायाशी ठेवा. सिरीज टर्मिनेशन असताना पाठवणाऱ्या पिनच्या बाजूला किंवा ट्रेसच्या मध्ये प्रोब ठेवलात तर अर्ध्यावर थांबलेली पायरी दिसेल. ती तशीच असायला हवी. ती बघून रेझिस्टर बदलत बसू नका. टोकाशी कडा एका दमात वर जाऊन स्थिरावली की त्या लाइनचं काम झालं, पुढची लाइन घ्या.